बिननावाची ओळ

नव्या सॉफ्टवेअरला बिननावाचे काम चालत नसे. जुन्यातून उतरवून घेतलेली कामांची यादी त्याच्यापुढे ठेवली की ते एकेक ओळ आत घेई. जिच्यापुढे कुणा माणसाचे नाव नाही, ती मात्र लाल करून परत माझ्या पुढ्यात टाकी. काम कोण करणार ते आधी सांगा, मगच ते काम आहे असे आम्ही मानू. मला हा नियम फार आवडला होता. त्यात कवितेच्या छंदासारखी एक शिस्त होती. एम.ए.ला मी मराठी कविता शिकले आणि तिथून सुरतेतल्या एका बांधकाम कंपनीच्या नियोजन कक्षात येऊन बसले, म्हणून असेल. पण ओळ आपल्या जागी चोख बसावी, तिच्यात एकही अक्षर सैल नसावे, हा हट्ट माझ्या बोटांना आधीच लागलेला होता. कविता सुटली. हट्ट राहिला.

आमची कंपनी कडोदरा, कामरेज या बाजूला कापड रंगवण्या-छापण्याच्या मिल बांधते. एका मिलचा आराखडा म्हणजे पायाच्या पहिल्या खड्ड्यापासून बॉयलरची पहिली वाफ निघेपर्यंतची शेकडो कामे, एकाखाली एक, एकमेकांना रेषांनी बांधलेली. हे काम संपेपर्यंत ते सुरू होणार नाही, ते सरकले की पुढची सगळी सरकणार. हे आराखडे जुन्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षे ज्यांनी रचले ते माझ्या डावीकडे बसत. ऑफिसात सगळे त्यांना अंकल म्हणत, मी काका म्हणे. सेंट्रिंगच्या फळ्यांवर उभे राहून शिकलेला माणूस. संगणकापुढे बसून इतकी वर्षे झाली तरी त्यांच्या बोटांना ओल्या सिमेंटचा थंड, करडा वास येई. पडद्यावरच्या रेषेवर ते नखाने टकटक करत, भिंत पोकळ आहे का ते तपासावे तसे.

ते दोंडाईच्याकडचे. आम्हीही तिकडचेच. पण मी इथे सुरतेतच, लिंबायतमध्ये वाढले. वडील मागावर होते. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. आई घरी बसून साड्यांच्या उलट्या बाजूचे धागे कापते. आमच्या घरात अहिराणी बोलली जाते, आणि काकांना ते पहिल्याच आठवड्यात माझ्या डब्यातल्या कळण्याच्या भाकरीवरून कळले. त्यानंतर बराच काळ त्यांनी माझ्याशी दुसरी भाषा काढली नाही.

"काय करी राह्यनी व माय?" ते भर कक्षात विचारत, मोठ्याने, शेतात हाक मारावी तसे.

वातानुकूलित हवेत ते शब्द उघड्या पायांनी फिरत. माझ्या कानांच्या पाळ्या तापत. मी हिंदीत उत्तर देई, नाहीतर गुजरातीत. ते हसत आणि पुन्हा अहिराणीत बोलत. मी त्यांच्यावर चिडत नसे, त्यांच्यापासून लांब सरकत असे. दिवसाला एक बोट, तेवढेच.

एकदा छोटे शेठ, म्हणजे मालकांचा मुलगा, माझ्या खुर्चीमागे येऊन म्हणाले, "बेन, तमे तो आपणा जेवुं ज गुजराती बोलो छो." तुम्ही तर आमच्यासारखेच गुजराती बोलता. ते वाक्य मी दिवसभर मुखवासासारखे तोंडात घोळवत राहिले. संध्याकाळी घरी आले तेव्हाही त्याची बडीशेप जिभेवर होती.

उत्तरायणाचे पतंग अजून तारांवर लटकत होते तेव्हा छोट्या शेठांनी नवे सॉफ्टवेअर घेतले. तेच म्हणाले की आता सगळे फोनवर दिसेल. प्रत्येक कामाचे एक कार्ड, कार्डावर माणसाचे नाव, काम झाले की फोटो, फोटो आला की कार्ड हिरवे. तिन्ही चालू मिलचे आराखडे जुन्यातून नव्यात न्यायचे. आणि सहज बोलल्यासारखे त्यांनी पुढचे सांगितले: कार्डांचा हा नवा बोर्ड एकच माणूस सांभाळेल. काका किंवा मी. दुसऱ्याला साइटवर पाठवू.

काका तेव्हा निवृत्तीच्या वयाचे झालेले. दर वर्षी त्यांना आणखी एक वर्ष मिळत होते. माझ्यापुढे तीस वर्षे होती. एकाला खुर्ची आणि एकाला ऊन, एवढे ते सोपे गणित होते. मी त्यांच्याकडे पाहिले, ते पेन्सिलीला टोक करत होते.

आराखडे नव्यात न्यायचे काम माझ्याकडे आले, कारण काकांना नव्याची भाषा येत नव्हती. मी पहिली यादी आत सोडली. एक ओळ लाल झाली. दुसरी यादी, तिच्यातही एकच. तिसरीतही. तिन्ही ठिकाणी ती ओळ अक्षरशः सारखी होती: उन्हाळी जादा क्युरिंग, आठ दिवस. नावाचा रकाना रिकामा.

क्युरिंग म्हणजे पाणी मारणे. स्लॅब ओतला की त्याला काही दिवस ओला ठेवावा लागतो, नाहीतर त्याला तडे जातात. ते काम आराखड्यात रीतसर होतेच, साइटवरच्या माणसांच्या नावांसह. हे त्याच्यावरचे, जादाचे. आणि आजूबाजूची सगळी कामे या आठ दिवसांना अशी बांधलेली, की ते चालू असताना साइटवर दुसरे काहीच होऊ नये. विटांचे काम थांबलेले, प्लास्टर थांबलेले, लोखंड थांबलेले. आठ दिवस फक्त पाणी आणि शांतता.

मी मागच्या वर्षांचे आराखडे उघडले. तिथेही तेच. फक्त तारखा वेगळ्या. एका वर्षी एप्रिलच्या अखेरीस, एका वर्षी मेच्या मध्यावर. स्लॅब केव्हाही ओतलेला असो, आठ दिवस आपले स्वतंत्र मागेपुढे सरकत होते, भरती-ओहोटीसारखे. मी बराच वेळ त्या तारखांकडे पाहत बसले. मग घरी, आईने चुलीजवळच्या भिंतीवर लावलेल्या कॅलेंडरवर कुंकवाचा एक टिपका दिसला, आणि मला सगळे कळले.

आखाजी. वैशाखातली तीज, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात हा सण दिवाळीपेक्षा मोठा. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि घराघरांत गेलेल्या माणसांसाठी पाण्याने भरलेली घागर पुजतात. घागरीवर लहान मडके, त्यावर खरबूज, सांजोऱ्या. उन्हाळ्यात गेलेल्यांना तहान लागते, एवढाच त्याचा अर्थ. सुरतेतले गवंडी, सेंट्रिंगवाले, मागावरचे लोक या दिवसांत गाड्या भरभरून गावी जातात. आमच्या शेठांकडे त्याची रजा नव्हती. त्यांच्या घरी ही तिथी सोने घेण्याची, नवे काम सुरू करण्याची. आमच्या घरी पाण्याची. तेव्हा काकांनी दर वर्षी माणसांची रजा काँक्रीटच्या नावावर घातली होती. ज्या आठ दिवसांत स्लॅब पाणी पितो असे आराखडा म्हणे, त्या दिवसांत साइटवर एका चौकीदाराखेरीज पाणी मारायला कुणी नसे. आणि कुणाला हे कधी कळले नव्हते, कारण आराखडा वेळेवर पुरा होई. ते आठ दिवस काका आधीच कुठूनतरी वाचवून ठेवत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारले, मराठीत, हळू आवाजात. "काका, ही ओळ कुणाच्या नावावर टाकू?"

त्यांनी चष्मा काढला. डोळ्यांच्या कडा हसल्या. "आखाजीले सिमेंट बी गावले जास, माय."

आखाजीला सिमेंटसुद्धा गावी जाते. मी आजवर ऐकलेल्या चांगल्या ओळींपैकी ती एक होती, हे मला तेव्हाही कळले. मत्सर वाटला.

"चौकीदारनं नाव टाकी दे," ते पुढे म्हणाले. "कोन इचारस?" मग चष्म्याची काच सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले, बराच वेळ, काच स्वच्छ झाल्यावरही. "औंदा मले जानंच पडी. तिनी पह्यली घागर शे."

त्यांची पत्नी आदल्या दिवाळीत गेली होती. माझी आई तिच्या शेवटच्या दिवसांत उशाशी बसून आली होती. घरी येऊन म्हणाली होती की बाई सारखे पाणी मागत होती आणि डॉक्टर देऊ देत नव्हते. घरातले माणूस गेल्यानंतरची पहिली घागर गावीच, आपल्याच घरात, आपल्याच हाताने भरायची असते. ते मला सांगावे लागत नाही, हे काकांना माहीत होते. म्हणून त्यांनी ते मला सांगितले.

"टाकते," मी म्हणाले.

चौकीदाराचे नाव टाकायला किती वेळ लागला असता? तीन ओळी, एक शब्द. मी तिन्ही ओळी लाल ठेवल्या. आणि एका कोऱ्या पानावर दोन रकाने आखले. एकात गेल्या सात वर्षांतल्या उन्हाळी जादा क्युरिंगच्या तारखा, दुसऱ्यात त्या त्या वर्षीची आखाजी. तो तक्ता मी सुबक केला. अक्षर ठळक, रेषा बारीक.

बैठक मार्चमध्ये झाली. ती खोली नेहमी गरजेपेक्षा थंड असे आणि तिला नव्या गालिच्याचा, कुणीही न चाललेल्या जागेचा वास असे. छोटे शेठ, तीनही साइटचे इंजिनीअर, काका, मी. पडद्यावर हिरव्या-निळ्या कार्डांची रांग, आणि तीन लाल ओळी. काकांनी त्या पाहिल्या. मग माझ्याकडे पाहिले. रागाने नाही, विसरली असेल, अशा नजरेने.

"आ शुं छे, अंकल?" छोट्या शेठांनी विचारले.

"उन्हाळ्यात स्लॅबला पाणी जास्त लागतं, साहेब," काका म्हणाले. "तडे जातात."

ते खोटेही नव्हते. एका इंजिनीअरने मान हलवली. छोट्या शेठांनीही हलवली आणि बोट पुढच्या कार्डाकडे नेले. म्हणजे ते संपले होते. मी गप्प बसले असते तरी पुरले असते. चौकीदाराचे नाव बैठकीनंतरही घालता आले असते. हे मी इथे मुद्दाम लिहिते, कारण पुढचे कुणी माझ्याकडून वदवून घेतले नाही.

"काँक्रीटला तिथी कळत नाही, सर," मी गुजरातीत म्हणाले.

वाक्य जमून आले होते. ते हवेत पडले तेव्हा मला त्याचे वजन जाणवले, चांगल्या ओळीचे जाणवते तसे. सगळे माझ्याकडे वळले. मी तक्ता पडद्यावर आणला. सात वर्षे, डावीकडे सिमेंट, उजवीकडे सण. एकेक वर्षावर बोट ठेवत मी वाचत गेले. मला गडबड नव्हती. चौथ्या वर्षाला एक इंजिनीअर हसला. सातव्याला सगळे हसत होते.

छोटे शेठ रागावले नाहीत. रागावले असते तर काकांना बरे पडले असते. ते खुर्चीत मागे रेलले आणि कौतुकाने म्हणाले, "अंकल, तमे तो भारे कवि नीकळ्या!" मग हिंदीत, सगळ्या खोलीला उद्देशून: "सात साल से सिमेंट को मायके भेज रहे हैं!"

पुन्हा हशा. काका दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून बसले होते. नखांच्या कडांशी सिमेंटची जुनी करडी रेघ.

"कुणाला काढायचं नाही," छोटे शेठ म्हणाले. "अंकल घरचे आहेत. फक्त आता क्युरिंग खरं करायचं. आठ दिवस, रोज. कडोदऱ्याच्या साइटवर." मग माझ्याकडे वळून: "नाम लखो, बेन. अंकलनुं ज."

मी काकांचे नाव लिहिले. तीन लाल ओळींपैकी दोन काढून टाकल्या. बाकीची सगळी कामे त्या आठ दिवसांपासून सोडवली आणि पुढे ओढली. कडोदऱ्याची मिल पुरी होण्याची तारीख आठ दिवस अलीकडे आली. छोट्या शेठांनी तिथूनच गिऱ्हाइकाला फोन लावला. बोर्डही मला त्याच वेळी मिळाला. तो केव्हा सुरू करायचा, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "अखात्रीजला. त्या दिवशी मुहूर्त बघायलाही लागत नाही." जिला नुकतेच हसून झाले होते तीच तिथी. खोलीत कुणालाही त्यात काही विसंगत वाटले नाही.

त्यानंतर काका माझ्याशी एक शब्द वाकडा बोलले नाहीत. पण त्यांची अहिराणी थांबली. सकाळी येत, मान लववत आणि म्हणत, "केम छो, बेन?" मला हवी होती तशी भाषा, हव्या तेवढ्या आवाजात. कक्ष शांत झाला. ती शांतता मला इतकी सोयीची होती की मी तिच्याकडे कधी वळून पाहिले नाही.

आखाजीला चार दिवस उरले होते तेव्हा ते एकदाच पुन्हा तसे बोलले. दुपारी, कक्षात कुणी नसताना, माझ्या टेबलाच्या कडेला दोन बोटे टेकवून.

"माय, आखाजीना दिनपुरतं मनं नाव काढी टाक. एकच दिन. सकायनी गाडीवर जासू, दुसरे दिन हजर व्हसू."

मी पडद्याकडे पाहत होते. त्यांचे कार्ड माझ्यासमोरच उघडे होते, वरच्या कोपऱ्यात दुरुस्तीची छोटी पेन्सिल. एक दिवस दुसऱ्या कुणाच्या नावावर करणे म्हणजे दोनदा बोट दाबणे.

"काका, बोर्ड आता कुलूपबंद झाला आहे," मी म्हणाले. "आता कुणालाच काही बदलता येत नाही."

"तुले बी नही?"

"मलाही नाही."

असे कुलूप त्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हते. मी का खोटे बोलले, याची बरीच सुंदर कारणे मी नंतर रचली: शेठांची भीती, नव्या खुर्चीची काळजी. खरे एवढेच आहे की त्यांनी ते अहिराणीत मागितले. गुजरातीत मागितले असते तर कदाचित मी दिले असते.

"बरं," ते म्हणाले. टेबलावरची बोटे उचलली. लाकडावर दोन ओले ठसे राहिले आणि एसीच्या हवेत लगेच वाळून गेले.

आखाजीच्या सकाळी आमच्या लिंबायतच्या खोलीत गूळ आणि तुपाचा वास कोंदला होता. आई सांजोऱ्या तळत होती. गल्ली निम्मी रिकामी. ज्यांना जाता आले ते गेले होते. आमच्या साइटवरचेही काही गेले होते, जो जाईल त्याने परत येऊ नये असे सांगूनही. त्यांच्या जागी दुसऱ्या राज्यातली माणसे आधीच आली होती.

"त्या भाऊ गावले गयात का?" आईने कढईवरची नजर न काढता विचारले.

"नाही. त्यांना साइटवर काम आहे."

"आज?" झारा थांबला. "मंग त्यासनी बाईनी घागर कोन भरी?"

"सुरतेत पाणी नाही का?" मी म्हणाले.

तेलात एक सांजोरी जास्त लाल झाली. आईने ती काढली, निथळली, ताटात ठेवली. मग म्हणाली, "तू गुजरातीच बोल. तुले तेच शोभस." आणि दोन सांजोऱ्या कागदात बांधून माझ्या पर्समध्ये कोंबल्या. "या त्यासले दे. घागरवर ठेवतीन."

मला त्या दिवशी कडोदऱ्याला जायचे होतेच. मुहूर्ताचे पहिले हिरवे कार्ड दुपारी बाराच्या आत यायचे होते. ऑफिसात मोठ्या पडद्यापुढे पेढ्यांचे खोके उघडून सगळे उभे राहणार होते. त्या सकाळी पुरे होणारे एकच काम बोर्डावर होते. क्युरिंग, दिवस पहिला. काकांना फोटो चढवता येत नाही, तेव्हा मीच जाऊन काढावा, असे छोट्या शेठांनी सांगितले होते. कंपनीच्या गाडीत वाटेत मला भूक लागली. मी सांजोऱ्या खाल्ल्या. दोन्ही. अजून कोमट होत्या; आतला रवा दाताखाली करकरत होता.

साइटवर खाली नव्या माणसांचे प्लास्टर चालू होते. मी चौथ्या मजल्याच्या स्लॅबवर चढले. वर सावली नव्हती. स्लॅबवर सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे वीतभर उंचीचे बांध घालून वाफे केले होते, भाताच्या खाचरांसारखे, पाणी साठून राहावे म्हणून. काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, अनवाणी, हातात पाइप धरून उभे. पाइपातून पाणी येत नव्हते, नुसती हवा फुरफुरत होती. वाफ्यांतले बरेचसे पाणी उन्हाने आणि सिमेंटने पिऊन टाकले होते. तळाशी एक गडद ओल तेवढी उरलेली. तापलेल्या ओल्या सिमेंटचा वास घशाला चिकटत होता. त्यांच्या बोटांचा वास, पण भट्टीतून निघालेला.

कोपऱ्यात, खांबाच्या उघड्या सळयांच्या बारीक सावलीत, एक घागर होती. मातीची, नवी, पाझरून काळवंडलेली. तिच्यावर लहान मडके, मडक्यावर खरबूज. समोर उदबत्ती. त्या उजेडात तिचा निखारा दिसत नव्हता, फक्त धुराची एक रेघ, तीही सरळ.

मी म्हणाले, "काका, ते मडकं जरा बाजूला घ्या. फोटोत येतंय."

त्यांनी पाइप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी घागर उचलून माझ्या मागच्या बाजूला आणली. खरबूज कलले, ते त्यांनी हनुवटीने धरले. मी फोटो काढला आणि पाठवला. मिनिटभरात छोट्या शेठांचे उत्तर आले: पाणी देखातुं नथी. बीजो मोकलो. पाणी दिसत नाही, दुसरा पाठवा.

मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वाचले.

"टँकर चार वाजता येईल," ते म्हणाले. मराठीत.

"कार्ड बारापर्यंतचं आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. आता विसरली असेल, अशी नजर नव्हती. कसलीच नव्हती. खालून थापी घासल्याचा आवाज येत होता, आणि त्या माणसांपैकी कुणीतरी फोनवर लावलेले एक गाणे. मी घड्याळ पाहिले. मला वाईट वाटले असे लिहिणे सोपे आहे. वाटले नाही. मला ऊन लागत होते.

मग ते वळले. खरबूज उचलून बांधावर ठेवले, लहान मडके त्याच्याशेजारी. घागर कमरेशी धरून माझ्या समोरच्या वाफ्यापाशी आले आणि वाकले. गेलेल्यांना पाणी देताना ते अंगठ्यावरून सोडतात. त्यांनी तसे सोडले की नाही, मी पाहिले नाही. मी चौकट जुळवत होते. पाणी पडल्याचा आवाज मात्र ऐकला. आधी चर्र असा, तापल्या तव्यावर पडावे तसा, मग भरत जाणारा, मग गप्प. वाफ्याचा एक कोपरा चमकला. त्यात आकाश आले, आणि वाकलेल्या सळया.

"आते दिखस का पानी, बेन?" त्यांनी विचारले.

"हो," मी म्हणाले. "दिसतंय."

फोटो चांगला आला होता. कडेला त्यांच्या पायाची ओली बोटे येत होती. ती मी कापून टाकली आणि पाठवला. बारा वाजायला सात मिनिटे असताना ओळ हिरवी झाली.